गाडी ओढेल, पण पेलेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मेलबर्नला असतो, मी, नवरा आणि दोन मुलं. डिसेंबरमध्ये सासूसासरे येतायत, त्यांना घेऊन ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात आणि मग ॲडलेडपर्यंत जायचंय. एक सेकंडहँड कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बघितलीय, तिच्या प्लेटवर टेअर, म्हणजे रिकामीचं वजन, १९८० किलो आणि एटीएम, म्हणजे भरून जास्तीत जास्त वजन, २५०० किलो लिहिलंय. आमच्या सातसीटर गाडीची टोइंग कपॅसिटी, म्हणजे ओढायची क्षमता, बरोब्बर २५०० आहे, म्हणून विकणारा म्हणतोय बिनधास्त घ्या. पण नणंद इंग्लंडला असते, ती म्हणते ८५ टक्क्यांचा नियम बघा. गाडीचे आकडे असे: कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) २०५०, जीव्हीएम २७००, जीसीएम ४९००, टोबॉल (कॅराव्हॅन अडकवायचा मागचा गोळा) लिमिट २५०. काय करू?

उत्तर: ही कॅराव्हॅन घेऊ नका. आकडे सगळे पाठवलेत ते फार बरं केलंत, बहुतेक जण फक्त टोइंग कपॅसिटी बघतात आणि तिथेच फसतात.

कॅराव्हॅनचं सगळं वजन तिच्या चाकांवर नसतं, साधारण दहा टक्के तुमच्या टोबॉलवर येतं, म्हणजे इथे २५० किलो, आणि ते तुमच्या गाडीच्या वजनात धरायचं असतं. आता बेरीज करा. रिकामी गाडी २०५०, नंतर बसवलेला टोबार, म्हणजे टोबॉलचा दांडा, तीसेक किलो, सहा माणसं मुलं धरून ३६०, टोबॉलचे २५०. झाले २६९०! जीव्हीएम, म्हणजे भरलेल्या गाडीची मर्यादा, २७००. सहा जणांच्या बॅगांना उरले दहा किलो, आणि त्यात सासूबाईंचा डब्यांचा पसारा असणार, तो तर असायलाच हवा. शिवाय जीसीएम, म्हणजे दोन्ही मिळून एकूण वजन: गाडी २७०० आणि कॅराव्हॅनच्या चाकांवरचे २२५० मिळून ४९५०, म्हणजे तिथेही ५० किलो जास्त.

आणि कॅराव्हॅन २५०० पर्यंत भरणार नाही असं म्हणाल तर टेअर आणि एटीएममधला फरक ५२० किलोच आहे. ९५ लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या भरल्या की १९० किलो तिथेच गेले, मग गॅस सिलिंडर, ऑनिंग (बाहेर उघडायचं कापडी छत), खुर्च्या, भांडीकुंडी, अंथरुणं. भरताना कळतही नाही.

नणंदबाईंचं म्हणणं चुकीचं नाहीये. ब्रिटनमध्ये भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा असं नवशिक्यांना सांगतात, तो कायदा नाही, सल्ला आहे. ऑस्ट्रेलियात तसा आकडा सांगत नाहीत, पण ओढणारी गाडी जड हवी हे इथेही तितकंच खरं. तुमच्या गाडीचे ८५ टक्के म्हणजे साधारण १७४० किलो. म्हणून १७०० ते १८०० एटीएमची छोटी कॅराव्हॅन बघा. टोबॉलवर मग १८० च्या आसपास येतील आणि गाडीत सामानाला ८० किलो राहतील. सहा जण त्यात झोपणार कसे? कॅराव्हॅन पार्कात केबिन मिळतात, आजीआजोबांना तिथे छान झोपू दे, रात्री उठायला त्यांनाही सोपं.

घेतल्यावर सगळं भरून, सगळ्यांना बसवून पब्लिक वेब्रिजवर, म्हणजे वाहनांच्या वजनकाट्यावर, एकदा जाच, कॅराव्हॅन जोडलेली असताना नुसती गाडीची चाकं, मग दोन्ही मिळून, मग कॅराव्हॅन एकटी. कागदावरच्या टेअरवर विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाने बसवलेले सोलर पॅनल आणि जास्तीच्या बॅटऱ्या त्यात नसतात.

प्रश्न: ह्यूम हायवेवर मोठा ट्रक शेजारून गेला आणि आमची कॅराव्हॅन मागे डावी-उजवी झुलायला लागली, मी घाबरून ब्रेक मारला तर आणखीच वाढलं. कशी तरी थांबली. स्पीड १०० होता. नक्की चुकलं काय?

उत्तर: सुखरूप आहात हे महत्त्वाचं. आधी सामान कुठे ठेवलं होतं ते आठवा. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उठतं, तसंच हे. सायकली, जास्तीचं स्टेपनी, पाण्याचे कॅन कॅराव्हॅनच्या मागच्या बंपरवर लटकवले की टोबॉलवरचा भार कमी होतो आणि मागचं टोक एकदा झुललं की थांबायचं नाव घेत नाही. जड सगळं खाली, ॲक्सलच्या आसपास, हलकं वर. टायरमधली हवासुद्धा गाडी आणि कॅराव्हॅन दोन्हीकडची तपासा.

झुलायला लागली तर स्टिअरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवून सावरायला जाऊ नका, ॲक्सिलरेटर हळू सोडा, आणि गाडीच्या ब्रेकवर पाय न देता डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरने फक्त कॅराव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक हाताने लावा, म्हणजे ती मागून ताणली जाऊन सरळ होते. वेगही ८०-९० च ठेवा, मागच्यांना जाऊ दे पुढे. आणि ते कंट्रोलरचं बटण न बघता हाताला सापडतं का, हे पुढच्या ट्रिपच्या आधी रिकाम्या पार्किंगमध्ये दहा वेळा करून बघा, नवऱ्यालाही करायला लावा.