माझ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ड्रायव्हरने कीबोर्ड आहे की नाही हे कसं ओळखायचं? इनिशियलाइझ न करता थेट पोर्ट ६० वाचला तर चालेल का?

"थेट वाचला तर काय बिघडतं?" हे मी चुलतभावाकडून १२ वर्षं दर चवथीला (गणेशचतुर्थीला) ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी आणि माझा चुलतभाऊ एकत्र होतो. क्यूएमूवर (नकली मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रामवर) चालणारी छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम. गोव्यातल्या फोंड्याच्या कदंबा (सरकारी) बसमध्ये उभ्याने रोज एकच भांडण. तो म्हणायचा, बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) कीबोर्ड चालू करून ठेवलाय, आयआरक्यू १ (कीबोर्डचा इंटरप्ट) आला की ६० वाचायचा, संपलं. मी म्हणायचो, बायोसच्या उष्ट्यावर ड्रायव्हर लिहायचा नाही.

मी रीतसर लिहिलं. (आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायाचे. ६० आणि ६४ हे पीएस/२ या जुन्या जोडणीच्या कीबोर्ड कंट्रोलरचे पत्ते: ६० डेटाचा, ६४ आज्ञा आणि स्थितीचा.) ६४ वर एडी आणि ए७ देऊन कीबोर्ड आणि माउस जोडायचे दोन्ही पोर्ट बंद. ६० मध्ये साचलेला कचरा वाचून टाकला. २० ने कॉन्फिगरेशन बाइट (कंट्रोलरची सेटिंग) घेतला. एए दिल्यावर ५५ आला म्हणजे कंट्रोलर धडधाकट. काही कंट्रोलर या चाचणीतच रीसेट होतात, म्हणून तो बाइट परत लिहिला, शून्यावा बिट लावून, नाहीतर आयआरक्यू येतच नाही. एबी ला (कीबोर्ड पोर्टची चाचणी) शून्य आला, मग एई ने पोर्ट उघडला. आता ६० वरून कीबोर्डलाच एफएफ (रीसेट). त्याने आधी एफए (आज्ञा मिळाली) आणि मग एए (तपासणी पास) पाठवला तर कीबोर्ड आहे. शेवटी एफ४ (कळा पाठवायला लाग).

या एए ने माझे दोन दिवस खाल्ले. ट्रान्सलेशन (कंट्रोलरने कळांचे कोड जुन्या संचात बदलणं) चालू असेल तर डावी शिफ्ट सोडल्याचा कोडही एएच. घामाने ओलं बोट शिफ्टवरून उचललं की माझ्या ड्रायव्हरला कीबोर्ड 'सापडायचा'. तेव्हा एफए आल्याशिवाय एए वर विश्वास ठेवू नका.

मे महिन्यात परीक्षक आले आणि म्हणाले, क्यूएमू नको, खऱ्या मशीनवर दाखवा. लॅबमधला कीबोर्ड यूएसबीचा. माझी आवृत्ती 'कीबोर्ड शोधत आहे' म्हणाली आणि तिथेच बसली. यूएसबी कीबोर्डला बायोस पीएस/२ चं सोंग देतो. त्या मशीनवरच्या सोंगाने एफएफ ला उत्तरच दिलं नाही आणि माझ्या वाट बघणाऱ्या लूपला मुदत नव्हती. भावाने खिशातला पेनड्राइव्ह काढून स्वतःची आवृत्ती लावली आणि स्क्रीनवर टाइप केलं, 'देव बरें करूं' (कोंकणीत धन्यवाद). परीक्षक हसले. तेव्हापासून चवथीला माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला) कवंडळं बांधताना तो सगळ्यांसमोर विचारतो, "तुझा कीबोर्ड मिळाला काय रे?"

माझं इनिशियलायझेशन चुकलं नव्हतं. मुदत घालायची राहिली होती. एफए साठी वीस-तीस मिलिसेकंद पुरतात. एए साठी पूर्ण सेकंद द्या, कारण स्वतःची तपासणी करायला कीबोर्ड अर्धा-पाऊण सेकंद घेतो. एफई (पुन्हा पाठव) आला तर तोच बाइट पुन्हा पाठवा, तीनदा, बस. ६४ वाचल्यावर बिट १ (शून्यापासून मोजून) शून्य झाल्याशिवाय काही लिहू नका, त्यालाही मुदत. मुदत संपली की कीबोर्ड नाही असं धरून पुढे चला. बूट अडवू नका.

आणि हो, नव्या मशीनवर हा कंट्रोलर नसेलही. एसीपीआयच्या (मशीनच्या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या यंत्रणेच्या) एफएडीटी टेबलमध्ये त्याचा बिट असतो, तो आधी बघा. यूएसबीसाठी खरा उपाय म्हणजे स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर, आणि ते काही महिन्यांचं काम. तोवर बायोस जिथे सोंग देतो तिथे थेट ६० वाचून भागतं, एवढ्यापुरतं भावाचं बरोबर.

पण तुमचा प्रश्न कीबोर्ड आहे की नाही हा आहे, आणि त्याच्या आवृत्तीला ते जन्मात कळलं नसतं. परीक्षकांनी एकदा वायर उपटून बघायला हवी होती. (माझी तिथेही लटकलीच असती, ते सोडा.)