दशांश कापण्याआधीच्या पगाराचा की हातात आलेल्या पैशांचा?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मूळचा नगरचा, आता पिंपरीत नोकरीला आहे. हातात 41 हजार येतात, त्यातले 16 घराच्या हप्त्याला आणि आईच्या शुगरच्या औषधांना तीन-चार हजार जातात. आमच्या चर्चमध्ये दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देण्यावर, फार जोर, तोही पीएफ-टॅक्स कापायच्या आधीच्या पगारावर, आणि कोणी किती दिलं ते वाचून दाखवतात. शिवाय मी क्वायरमध्ये गातो, संडे स्कूलला मुलांना शिकवतो आणि तरुण संघाचा सेक्रेटरीपण, म्हणजे शनिवार संध्याकाळ आणि अख्खा रविवार गेलाच. बायको म्हणते देव काय फक्त चर्चमध्येच असतो का. किती द्यावं?
– एक वाचक

उत्तर: दादा, बायकोचं बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते.

बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, दशांश आणा म्हणणारा, तुम्हाला पाठ झाला असेल, सगळीकडे तोच वाचतात. पण अनुवाद या पुस्तकाचा 14 वा अध्याय पण वाचा की, तिथे दशांश म्हणजे धान्य, द्राक्षारस, तेल, आणि तो देवासमोर घरच्यांसोबत बसून खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी (देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशातले लोक), परके, अनाथ, विधवा यांच्यासाठी ठेवायचा. पगाराची स्लिप, पीएफच्या आधी की नंतर, हे सगळं आपण नंतर जोडलंय. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात तर येशू त्या लोकांवरच चिडलाय जे आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून हात झटकत होते, त्यामुळे आईची औषधं आणि हप्ता आधी, मग जे उरेल त्यातून दोघांनी बसून एक आकडा ठरवा. दीड हजार निघाला तर दीड हजार, पाकिटात घालून द्या, पावती घ्या. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो मनात ठरवलंय तेवढं द्या, कुरकुरत नको. यादी वाचून दाखवणं मला अजिबात पटत नाही, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलंच आहे ना!

पैसे कुठे जातात ते विचारायला लाजू नका, ट्रस्ट नोंदवलेला असेल तर 1950 च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे हिशेब ठेवावाच लागतो. वार्षिक सभेला बसा, पाळकांचा (पास्टरांचा) पगार, वीजबिल, छताची दुरुस्ती सगळं कळतं, आणि खरं सांगू, ते कळलं की द्यायलाही बरं वाटतं.

वेळेचं मात्र जास्त अवघड आहे, कारण पैसे संपले की खिसा सांगतो, वेळेचं तसं नसतं, आणि जो नाही म्हणत नाही त्याच्याच गळ्यात सगळं पडतं. तीनपैकी एक काम सोडा. माझं मत सेक्रेटरीपद, मुलांचा वर्ग नाही. पाळकांना मेसेज नको, भेटून सांगा, नवीन माणूस तयार करायला दोन-तीन महिने द्या. आणि पुढच्या रविवारी उपासना झाली की चहाला न थांबता घरी जा, जेवायला.