मोहिमेचा माहितीपट: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न बर्फातल्या, अनेक दिवस चालणाऱ्या मोहिमांविषयी आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा, हा त्यातला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला आहे. गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा कॅमेरा चालतो. घोडं अडतं ते बॅटरीपाशी, आवाजापाशी आणि चालणाऱ्याच्या पायांपाशी.

प्रश्न: उणे वीस अंशांत सोळा दिवस चित्रीकरण करायचं आहे. वाटेत वीज कुठेच नाही. बॅटऱ्या किती न्याव्यात?

बॅटऱ्या मोजू नका, वॉट-तास मोजा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. मिररलेस कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट, २.२८ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे १६ वॉट-तासांची झाली. दिवसाला अशा तीन लागल्या तर ४८. छोट्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्यांचे १३. माइक, रेकॉर्डर आणि रात्री कार्डातलं फुटेज उतरवून घेणं यांचे २० धरा. म्हणजे रोज ८० च्या आसपास.

आता सौर पॅनेल. २८ वॉटच्या पॅनेलवर लिहिलेले २८ वॉट कडक ऊन अगदी काटकोनात पडलं तरच मिळतात. प्रत्यक्षात निम्मे धरा. सहा तासांचं ऊन मिळालं तर ८४ वॉट-तास होतात, पण पॉवर बँकेत भरताना आणि तिच्यातून बॅटरीत भरताना दोन्ही वेळा गळती होते. हातात येतात साधारण ६०. रोजची तूट २०, सोळा दिवसांत ३२०. चार दिवस ढगाळ गेले तर आणखी २४०. झाले ५६०, आणि हेही पॉवर बँकेतूनच काढायचे असल्यामुळे निघताना ७०० भरलेले हवेत. ढगाळ दिवस धरायचे बहुतेक जण विसरतात.

विमानात सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या सामानात जाते. १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा विनापरवानगी, १०० ते १६० ची विमान कंपनीच्या परवानगीने आणि तीही माणशी दोनच. म्हणून शंभराच्या आतल्या सात पॉवर बँका चमूत वाटून घ्या आणि माणशी किती चालतील हे कंपनीला आधीच विचारा.

थंडीत बॅटरी 'संपली' असं दाखवते तेव्हा ती खरोखर संपलेली असतेच असं नाही. आतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. उणे वीसला मिळणारी वीज निम्म्यावरही येऊ शकते, पण आतल्या खिशात अर्धा तास ठेवली की बरीचशी परत मिळते. भरलेल्या उजव्या आतल्या खिशात, वापरलेल्या डाव्या. अंधारात, हातमोज्यांसकट, एवढंच लक्षात राहतं.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र थंडी माफ करत नाही. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली की लिथियम धातूच्या रूपात आतल्या पट्टीवर साचतं. क्षमता कायमची जाते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. पॅनेल बाहेर उन्हात असलं तरी पॉवर बँक तंबूत किंवा अंगावरच्या जॅकेटमध्ये हवी, वायर तेवढी बाहेर. वायर सिलिकॉनच्या आवरणाची घ्या. साधं पीव्हीसी थंडीत कडक होऊन तडकतं.

प्रश्न: तंबूत आल्यावर लेन्सवर पाणी जमतं. पुसावं का?

पुसू नका, जमूच देऊ नका. थंड कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला, पिशवीतली हवा दाबून काढा आणि मग आत आणा. दव पिशवीवर बसेल. कॅमेरा आतल्या तापमानाला यायला दोनेक तास लागतात, तोवर पिशवी उघडायची नाही. त्यामुळे कार्ड आणि बॅटरी बाहेर असतानाच काढून घ्या. रोज आत-बाहेर करण्यापेक्षा कॅमेरा तंबूच्या बाहेरच्या कप्प्यात थंडच ठेवणं सोयीचं. उबेची गरज बॅटरीला असते, कॅमेऱ्याला नाही.

प्रश्न: मी एकटा स्लेज (सामानाची बर्फावरची घसरगाडी) ओढत जाणार आहे. माझे लांबून चालतानाचे शॉट कसे घेऊ?

घेता येतात, पण प्रत्येकाची किंमत पायांनी मोजावी लागते. हिशेब करून पाहा. स्लेज थांबवली. ट्रायपॉड घेऊन ६० मीटर पुढे जाऊन लावला, ६० मीटर परत आलात. स्लेज ओढत कॅमेऱ्यापाशी आलात आणि पुढे १०० मीटर गेलात, म्हणजे हे झाले १६०. स्लेज तिथे सोडून कॅमेरा आणायला १०० मागे, पुन्हा १०० पुढे. एकूण ४८० मीटर चाललात, वाटचाल झाली १६० ची. एका शॉटला ३२० मीटर जादा. दिवसाला असे पाच घेतलेत तर १.६ किलोमीटर, आणि प्रत्येक वेळी थांबल्यामुळे अंगातला घाम गार पडतो तो वेगळाच.

शिवाय ट्रायपॉड लावायला जाताना उमटलेली तुमची पावलं फ्रेममध्ये दिसतात. कोऱ्या बर्फातून एकटा माणूस येतोय आणि समोर आधीच कुणीतरी जाऊन आल्याच्या खुणा! म्हणून जाता-येता फ्रेमच्या बाहेरून वळसा घ्या. शॉट चालू करण्याआधी पडद्यावर बर्फाचा पृष्ठभाग नीट पाहा.

आमचा सल्ला: असे शॉट दिवसाला एक, आणि तोही सकाळी, अंगात जोर असताना. दुपारच्या विश्रांतीला तुम्ही थांबणारच असता. तेव्हा ट्रायपॉड लावलात आणि निघताना तुम्ही फ्रेममधून बाहेर गेलात, तर फक्त कॅमेरा आणायला मागे येण्याचा खर्च. स्लेजवर मागच्या बाजूला उभी काठी बांधून तिच्यावर छोटा कॅमेरा लावला तर जादा एक पाऊलही टाकावं लागत नाही. वाऱ्यात ट्रायपॉड पाय आखूड करून लावा आणि मधल्या हुकाला बर्फ भरलेली पिशवी अशी बांधा की ती जमिनीला टेकेल. लोंबकळत राहिली तर वाऱ्याने हलून ट्रायपॉडलाच धक्के देते.

प्रश्न: बर्फ करडा येतो आणि माणसाचा चेहरा काळा.

कॅमेऱ्याचा मीटर सगळंच मध्यम करडं धरतो. स्वयंचलित मोडमध्ये एक ते दीड स्टॉप वर जा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) ९५ वर ठेवा आणि उन्हातल्या बर्फावर पट्टे जेमतेम दिसू लागले की थांबा. चेहऱ्यासाठी माणसाला उन्हाकडे पाठ करून उभं करा आणि जवळ जा; समोरचा बर्फच रिफ्लेक्टरचं काम करतो.

एनडी फिल्टर (लेन्सवरची, उजेड कमी करणारी काच) किती लागेल, याचाही हिशेब आहे. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ (लेन्सचं छिद्र) आणि १/१०० सेकंद शटर बरोबर बसतं. सेकंदाला २५ फ्रेमसाठी शटर १/५० हवं, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड. एफ ५.६ वर यायचं तर आणखी तीन. लॉग मोडचा (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकं चित्र घेणाऱ्या मोडचा) मूळ आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन. झाले सात, बर्फाच्या चकाकीचा एक धरून आठ. म्हणजे एनडी १२८ (सात स्टॉप) किंवा २५६ (आठ). फिरवून कमी-जास्त होणारा फिल्टर इतक्या टोकाला नेला की चित्रावर काळी फुली उमटते. ठरावीक ताकदीचे दोन फिल्टर बरे.

प्रश्न: आवाज सगळा फरफरतो. वारा आणि जॅकेटची खसखस सोडून काही ऐकूच येत नाही.

दोन वेगळे रोग आहेत, उपायही वेगळे. खसखस होते ती माइकला जॅकेटचं नायलॉन घासल्यामुळे. लॅपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) बाहेरच्या थरावर न लावता आतल्या लोकरी थरावर, छातीच्या हाडावर लावा. कापडी चिकटपट्टीचे दोन तुकडे चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी घडीचे करा आणि माइक त्या दोन घड्यांमध्ये दाबून बसवा. एक बाजू आतल्या थराला चिकटते, दुसरी बाहेरच्या. कापड हलतं ते माइकला सोबत घेऊनच. वायरला खाली एक वेटोळं देऊन चिकटवा, म्हणजे ओढ माइकपर्यंत जात नाही. सॅकचा छातीवरचा पट्टा कुठे येतो ते आधी बघून घ्या. कॉलरवर लावलात तर श्वासाची वाफ गोठून माइकचं तोंड बंद होतं.

वाऱ्यासाठी केसाळ आवरणाला पर्याय नाही. नंतर खालच्या कंप्रता कापून काम भागेल ही आशा सोडा, कारण वाऱ्याचा दाब माइकच्या पडद्यालाच भोवतो. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरही तिथे हतबल. तो रेकॉर्डरमधलं क्लिपिंग (आवाज फाटणं) वाचवतो, माइकमधलं नाही.

आणि रोज तंबूत शांततेच्या वेळी पाचेक आवाज एक-एक मिनिट वेगळे घ्या: चेनचा, स्टोव्हचा, बुटाखालच्या बर्फाचा, तंबूवर आपटणाऱ्या वाऱ्याचा, दमलेल्या माणसाच्या श्वासाचा. एडिटिंगच्या टेबलावर हीच पाच मिनिटं सोन्याच्या भावाची ठरतात.

प्रश्न: फुटेज सुंदर आहे, पण माणूस थकलाय असं वाटतच नाही.

कारण तुम्ही डोंगर चित्रित केलेत. विस्तीर्ण दृश्यात पहिल्या दिवसाचा माणूस आणि बाराव्या दिवसाचा माणूस सारखाच ठिपका असतो. थकवा दिसतो हातांत आणि वेळेत.

एक कृती निवडा. बुटाची नाडी बांधणं घ्या. रोज सकाळी त्याच उंचीवरून, त्याच अंतरावरून, त्याच लेन्सने, पूर्ण कृती. पहिल्या दिवशी बोटं न बघता गाठ मारतात. पुढे पुढे नाडी सुटते, माणूस थांबतो, बोटं काखेत दाबून बसतो, पुन्हा लागतो. मिनिटाचं काम पाच मिनिटांवर गेलं, तर ती पाच मिनिटं न थांबता घ्या. एडिटिंगमध्ये एकदा तरी ती अखंड दाखवा. संगीत नको.

संध्याकाळी रोज तेच तीन प्रश्न, त्याच शब्दांत: आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? कशावरून चिडलात? उद्याचं काय टाळावंसं वाटतंय? प्रश्न ऊन उतरताना, पोटात गरम जाण्याआधी विचारा आणि दोन मिनिटांत आटपा. जेवण झालं की माणूस दिवसाची गोष्ट नीटनेटकी करून सांगू लागतो.

पण एक गोष्ट कॅमेरा धरणाऱ्याला पाठ असायलाच हवी. पाय अडखळणं, बोलणं जड होणं, हातातून वस्तू पडणं, विनाकारण कुरकुर: पडद्यावर हे सगळं अस्सल जिद्दीसारखं दिसतं, प्रत्यक्षात ही शरीराचं तापमान घसरत असल्याची लक्षणं असतात. थंडीने थरथर कापणारा माणूस थरथरायचा थांबला आणि अंगाला ऊब मिळालेली नसेल, तर तो बरा झाला असं समजू नका. ते आणखी वाईट लक्षण आहे. फार उंचीवर माणूस सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालू शकत नसेल तर मेंदूला सूज असण्याची शक्यता धरायची आणि त्याला ताबडतोब खाली न्यायचं. अशा वेळी व्ह्यूफाइंडरमधून बघणारा माणूस सर्वांत आधी हे पाहतो आणि दुर्दैवाने सर्वांत उशिरा ओळखतो.

प्रश्न: मग चित्रीकरण नेमकं कधी थांबवायचं?

ते निघण्याआधी, कागदावर ठरवायचं. कुठली लक्षणं दिसली की कॅमेरा खाली जाणार, तो निर्णय कुणाचा आणि त्यावर वाद घालायचा नाही, या तीन गोष्टी लिहा. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात गिर्यारोहक सापडले, तेव्हा डेव्हिड ब्रेशियर्स यांचा चमू तिथे मोठ्या पडद्यासाठीच्या चित्रपटावर काम करत होता. त्यांनी चित्रीकरण थांबवलं, वरच्या छावणीत साठवलेला आपला ऑक्सिजन बचावासाठी खुला केला आणि मदतीला गेले. चमू २३ मे रोजी शिखरावर पोहोचला आणि चित्रपटही झाला.

संमतीचंही तेच. दमून लोळागोळा झालेला माणूस 'घे, घे' म्हणतो, त्याला संमती म्हणत नाहीत. आधी लेखी घ्या आणि रडण्याचे, कोसळण्याचे प्रसंग एडिटिंगपूर्वी त्याला पुन्हा दाखवून विचारा.

प्रश्न: एवढं फुटेज साठवायचं कसं?

सेकंदाला १०० मेगाबिटने तासाचे ४५ गीगाबाइट होतात. रोज दोन तासांचे ९०, सोळा दिवसांचे १,४४०. दोन टेराबाइटच्या दोन एसएसडी घ्या, दोन वेगळ्या सॅकमध्ये. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क उंचावर नको: तिचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि बहुतेक डिस्कची हमी ३,००० मीटरच्या आसपास संपते. दोन्ही प्रती चेकसमने (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे दाखवणाऱ्या आकड्याने) तपासल्याशिवाय कार्ड पुसू नका. रात्री दहा मिनिटं आवाजी टिपण करा: आजचे कामाचे तीन शॉट कुठले, आणि का.

निवड करणं जड जातं, हे खरं. १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात 'एंड्युरन्स' जहाज बर्फात चिरडलं गेल्यावर छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी गारठलेल्या पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह प्लेट बाहेर काढल्या. पण पुढे ओझं नेणं शक्य नव्हतं. मोहिमेचे प्रमुख शॅकल्टन यांच्यासोबत बसून त्यांनी सुमारे १२० ठेवल्या आणि ४०० च्या आसपास तिथेच फोडून टाकल्या, मागाहून मन बदलू नये म्हणून. त्यानंतर हाताशी राहिला तो खिशातला एक कॅमेरा आणि तीन रोल.

प्रश्न: ड्रोन न्यावा का?

आधी परवानगी बघा. बऱ्याच संरक्षित क्षेत्रांत ड्रोनला सरळ बंदी असते. परवानगी असेल तर बॅटरी अंगावर उबदार करून मगच उडवा. विरळ हवेत पंख्यांना जास्त फिरावं लागतं, त्यामुळे उड्डाणाचा वेळ घटतो. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहील, आणि ४० टक्के उरले की परत बोलवा. संपूर्ण मोहिमेत चार-पाच उड्डाणं पुष्कळ झाली.