'र' गेला, 'बुस' राहिली

प्रश्न असा आहे: भाचा सप्टेंबरात उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या लीड्सला शिकायला चाललाय. तिथल्या लोकांचं इंग्रजी कळेल का, ही धास्ती. त्यात कुणीतरी सांगितलंय की काळजी नको, नेटफ्लिक्स-यूट्यूबमुळे तिकडची तरुण पोरं आता सगळीकडे एकसारखंच बोलतात, जुने ॲक्सेंट म्हाताऱ्यांबरोबर चाललेत. हे खरं का?

अर्धं खरं आहे. पण त्या अर्ध्याचं खापर नेटफ्लिक्सवर फोडू नका, आणि उरलेलं अर्धं भाच्याला पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर भेटेल.

मी तेवीस वर्षं लँकेशायरमध्ये, ब्लॅकबर्नजवळच्या एका छोट्या गावात, फार्मसीच्या काउंटरमागे उभी आहे. (आपल्याकडे लँकेशायर हे नाव फारूख इंजिनियरमुळे ठाऊक. इथली माणसं म्हणतात 'लँकशर'.) औषधाच्या दुकानात सगळ्या वयाची माणसं येतात आणि नाव-पत्ता मोठ्यानं सांगतात. एकाच घरातले आजोबा, सून आणि नात एका दुपारी तीन वेगवेगळी इंग्रजी बोलून जातात. भाषाशास्त्र मी कुठं शिकलेले नाही, पण या काउंटरनं कान तयार केला आणि पुढं वाचनाचा नाद लागला.

आधी 'र'बद्दल सांगते, कारण माझा जीव तिथं अडकलाय. 'हार्ट', 'थर्ड', 'फार्म' यांतला र इंग्लंडात बहुतेक ठिकाणी कधीच गेला. शेक्सपिअरच्या काळात तो सगळ्यांच्या तोंडी होता. अठराव्या शतकापासून लंडनच्या बाजूनं गळायला लागला आणि गळती देशभर पसरली. उरला तो खाली नैऋत्येला, ब्रिस्टल-कॉर्नवॉलच्या पट्ट्यात, आणि इकडे ब्लॅकबर्नच्या आसपास एखाद्या बेटासारखा. मी आले तेव्हा साठीपुढची माणसं हा र असा घोळवून म्हणायची की मला घरच्यासारखं वाटायचं. आपणही लिहिलेला र सोडत नाही ना! पहिल्याच वर्षी एक निवृत्त विणकर आजोबा मला म्हणाले होते, "दवाखान्यातल्या त्या लंडनच्या डॉक्टरपेक्षा तुझं बरं कळतं, तू अक्षरं खात नाहीस."

माझी मुलगी इथंच वाढली. तीन वर्षांची होईपर्यंत माझ्यासारखं 'वॉटर' म्हणायची. शाळेत गेली आणि सहा महिन्यांत 'वॉटा' झालं, पुढं मधला टही घशात गेला. मी सांगलीहून आणलेला र आणि ब्लॅकबर्नच्या आजोबांचा र, दोन्ही तिनं एकदमच टाकले, कारण तिच्या वर्गात तो कुणाकडेच धड नव्हता. पुढं २०२३ मध्ये डॅनिएल टर्टन आणि रॉबर्ट लेनन या संशोधकांचा ब्लॅकबर्नच्या २८ जणांचे आवाज मोजलेला अभ्यास वाचला. तरुणांच्या तोंडी र अजून आहे, पण इतका क्षीण की ऐकणाऱ्याला जेमतेम कळतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे काउंटरमागून मला जे ऐकू येत होतं, तेच.

दुसरा किस्सा. शनिवारी दुकानात मदतीला सतरा वर्षांची एक मुलगी यायची. एका आजींना ती फोनवर समजावत होती, गोळी दिवसातून 'फ्री टाइम्स' घ्यायची. आजी म्हणाल्या, "फ्री तर असतेच गं, साठी होऊन किती वर्षं झाली मला." (इथं साठीनंतर औषधांच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत.) मुलीला म्हणायचं होतं 'थ्री'. दोघींनाही गोंधळ कळेना, शेवटी मी फोन घेतला आणि आपला सणसणीत मराठी 'थ' लावून 'थ्री' म्हटलं.

हा 'थ'चा 'फ' मुळात लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतला. केंब्रिज विद्यापीठाच्या मंडळींनी २०१६ मध्ये मोबाइल ॲपवरून हजारो लोकांना ते काय कसं म्हणतात ते विचारलं, तेव्हा 'थ्री'ला 'फ्री' म्हणणारे १५ टक्क्यांच्या वर निघाले. १९५० च्या दशकातल्या पाहणीत हेच प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होतं. शब्दांचंही तसंच. बोटात घुसलेल्या लाकडाच्या कुसेला गावोगाव वेगळं नाव होतं, आता बहुतेक इंग्लंड 'स्प्लिंटर' म्हणतं. ईशान्येला न्यूकॅसलकडे मात्र 'स्पेल्क' अजून ठणठणीत आहे.

ही १९५० च्या दशकातली पाहणी म्हणजे लीड्स विद्यापीठातल्या हॅरल्ड ऑर्टननी केलेली. भाचा तिथंच चाललाय, म्हणून मुद्दाम सांगते. १९५० ते १९६१ या काळात त्यांची माणसं ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यांत, तेराशेवर प्रश्न घेऊन फिरली. बोलायला बसवले ते मुख्यतः म्हातारे शेतकरी आणि शेतमजूर, कारण बोली आता संपतेय आणि ही पिढी गेली की काहीच राहणार नाही, अशी घाई होती. गंमत अशी की त्याआधी पन्नास वर्षं जोसेफ राइटनाही हीच घाई होती. हे राइट म्हणजे ब्रॅडफर्डजवळचा पोरगा, सातव्या वर्षी गिरणीत बॉबिन काढण्याच्या कामाला लागलेला, पंधरा वर्षांचा होईपर्यंत अक्षरओळख नसलेला. पुढं हाच माणूस ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश त्यानं पुरा केला. त्यालाही वाटत होतं की खेड्यापाड्यांतूनसुद्धा अस्सल बोली झपाट्यानं चाललीय. तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता.

म्हणून टीव्ही-मोबाइलला दोष देणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. अगदीच परिणाम नाही असंही नाही. ग्लासगोत जेन स्टुअर्ट-स्मिथनी पोरांचा अभ्यास केला. लंडनमध्ये घडणाऱ्या एका टीव्ही मालिकेत जी पोरं मनानं गुंतली होती, त्यांच्या तोंडी हा 'फ' जास्त निघाला. पण टीव्ही हे अनेक कारणांतलं एक निघालं आणि तेही लंडनकडचा हा 'फ' आणि असल्या दोन-तीन उच्चारांपुरतं. ग्लासगोची पोरं बाकी सगळं ग्लासगोसारखंच बोलतात, ऐकून बघा.

ॲक्सेंट बदलतो तो शेजार बदलला की. याचा सगळ्यात सुंदर पुरावा मिल्टन कीन्सचा. १९६७ मध्ये सरकारनं जवळजवळ कोऱ्या जमिनीवर वसवायला घेतलेलं हे शहर. लंडनचे, स्कॉटलंडचे, उत्तरेकडचे, सगळीकडचे लोक येऊन राहिले. पॉल करस्विल आणि ॲन विल्यम्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली चार, आठ आणि बारा वर्षांची मुलं आणि त्यांना सांभाळणारे मोठे यांचं बोलणं टिपलं. चार वर्षांची मुलं आईबापांच्या जवळ जाणारं बोलत होती. आठ-बारा वर्षांची मुलं एकमेकांसारखी. आईबापांपैकी कुणाचाच नसलेला एक मधला, गुळगुळीत ॲक्सेंट मुलांनी खेळता खेळता बनवला होता. माझ्या घरी 'वॉटर'चं जे झालं तेच, फक्त अख्ख्या शहराचं.

आता लंडन. ईस्ट एंडच्या अस्सल लंडनकरांचा कॉकनी ॲक्सेंट मेला असं दर दोन वर्षांनी पेपरात येतं. तो मेला नाही, त्यानं घर बदललं. युद्धानंतर ईस्ट एंडमधली कुटुंबं एसेक्सकडे नव्या वसाहतींत गेली आणि कॉकनीतलं बरंच काही सामानासुमानासकट घेऊन गेली. मागं रिकाम्या झालेल्या गल्ल्यांत कॅरिबियन, आफ्रिकन, बांगलादेशी, तुर्की घरं आली आणि त्यांच्या पोरांनी मिळून एक नवंच इंग्रजी घडवलं. त्याला अभ्यासक बहुसांस्कृतिक लंडन इंग्रजी म्हणतात. २०२३ मध्ये एसेक्स विद्यापीठाच्या अमांडा कोल यांनी आग्नेय इंग्लंडातल्या १८ ते ३३ वयाच्या १९३ जणांचे आवाज संगणकावर तपासले. त्यांचे तीन गट पडले. निम्मे साधारण प्रमाण दाक्षिणात्य बोलणारे, पाव हिस्सा टेम्सकाठच्या एस्च्युअरी ढबीचे (प्रमाण इंग्रजी आणि कॉकनी यांच्या मधली ढब), पाव हिस्सा या नव्या बहुसांस्कृतिक ढबीचे. राणीचं म्हणतात ते खानदानी इंग्रजी आणि जुनं कॉकनी तरुणांत जवळपास नव्हतंच. गरिबांचाच ॲक्सेंट जातो असं धरून रडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, हवेलीतलाही गेला.

नवे ॲक्सेंट जन्मतात ते आपल्याच लोकांच्या तोंडीसुद्धा. ब्लॅकबर्नमध्ये गुजराती मुसलमान घरं पुष्कळ. त्यांची इथंच जन्मलेली मुलं अस्खलित लँकेशायरी बोलतात, पण 'टेन'मधला ट आपल्या टाळूवरच्या ट जवळ जातो. तो गुजराती येतं म्हणून नव्हे की इंग्रजी येत नाही म्हणूनही नव्हे; मित्रांमध्ये तो तसाच म्हणतात, एवढंच. लंडनमध्ये साउथॉलच्या पंजाब्यांवर देवयानी शर्मा यांनी याच ट वर बरंच काम केलंय. तिथली इंग्लंडात जन्मलेली जुनी माणसं घरी एक ट आणि कामावर दुसरा ट अशी कसरत करत. तरुण पोरांना ती गरजच वाटत नाही, ती सगळीकडे साधारण एकच ढब वापरतात.

आणि आता तुमच्या प्रश्नाला सरळ छेद देणारी दोन गावं. लिव्हरपूल इथून तासाभराच्या अंतरावर. तिथं 'बॅक' म्हणताना शेवटी क ऐवजी आपल्या 'ख'सारखं खरखरतं. बाकीचं इंग्लंड सपाट होत असताना लिव्हरपूलच्या तरुणांचं हे खरखरणं कमी झालेलं नाही, उलट काही उच्चारांत ते थोरांच्या पुढे गेलेत, असं केव्हिन वॉटसन यांनी दाखवलंय. लिव्हरपूलकर असणं ही तिथं मिरवायची गोष्ट आहे, आणि ते ऐकू यायला हवं.

दुसरं मिडल्सब्रो. याची कथा मला फार आवडते. हे गाव पूर्वी यॉर्कशायरमध्ये होतं. १९६८ मध्ये टीसाइडमध्ये घातलं, १९७४ मध्ये क्लीव्हलँड नावाच्या नव्या काउंटीत, १९९६ मध्ये तीही मोडली. कार्मेन लामास यांनी तिथल्या तीन पिढ्या ऐकल्या. म्हातारे स्वतःला यॉर्कशायरचे म्हणत आणि बोलतही तसेच. तरुण स्वतःला यॉर्कशायरचे समजत नव्हते, आणि 'पेपर'मधला दुसरा प घशात दाबून म्हणत होते, न्यूकॅसलवाल्यांसारखा. पण न्यूकॅसलचे म्हटलेलं त्यांना चालत नव्हतं. मंत्रालयात कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि तीस वर्षांनी ती पोरांच्या घशात उमटली!

तर माझं म्हणणं असं की आपण बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो, ते कोस वाढलेत. ब्लॅकबर्न आणि शेजारच्या बर्नलीतला फरक आजोबांना पहिल्या वाक्यात कळायचा, नातवंडांना कळत नाही. पण उत्तर आणि दक्षिण यांतला फरक शाबूत आहे. २०२० मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी उत्तरेच्या पाच शहरांतले शिकलेले लोक संगणकाला ओळखायला लावले, तेव्हा न्यूकॅसल आणि लिव्हरपूल त्यानं बऱ्यापैकी ओळखलं, आणि मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड यांत त्याची गफलत होत राहिली. विद्यापीठातल्या मुलांचं एक सर्वसाधारण उत्तरी इंग्रजी तयार झालंय, एवढा त्याचा अर्थ.

म्हणून भाच्याला सांगा की वर्गात काही अडणार नाही. बसमध्ये, वाण्याकडे आणि नळदुरुस्तीवाला आला की अडेल. दोन गोष्टी आधीच कानात भरून घ्याव्या. एक, बसला 'बुस', कपला 'कुप', 'कम'ला 'कुम'. दोन, 'बाथ', 'ग्रास', 'लाफ' यांतला आपण लांबवतो तो आ तिथं आखूड, 'बॅथ', 'ग्रॅस', 'लॅफ'. एवढ्यावर निम्मा यॉर्कशायर उलगडतो. दुकानदार बाईनं 'लुव्ह' म्हटलं तर लाजू नये, ते 'बाळा' म्हटल्यासारखं आहे. कान बसायला दोन महिने लागतात. स्वतःचा उच्चार बदलायच्या मात्र भानगडीत पडू नको म्हणावं, सावकाश आणि स्पष्ट बोललं की पुरतं.

एक गोष्ट मात्र तसूभर हललेली नाही, ती म्हणजे ॲक्सेंटवरून माणूस जोखणं. १९७० मध्ये हॉवर्ड जाइल्सनी लोकांना कुठला ॲक्सेंट किती प्रतिष्ठेचा वाटतो ते विचारलं होतं. देवयानी शर्मा आणि सहकाऱ्यांनी पन्नासेक वर्षांनी पुन्हा विचारलं, तर उतरंड जवळपास तीच. वर प्रमाण इंग्रजी, तळाशी बर्मिंगहॅम. त्यामुळे उत्तरेची पोरं लंडनला नोकरीला गेली की महिन्याभरात दोन जिभा बाळगायला लागतात.

माझी मुलगी आता लंडनला एका ऑफिसात आहे. ख्रिसमसला घरी येते तेव्हा प्रेस्टन स्टेशनवर उतरताना तिच्या तोंडी लांब 'बाथ' असतो, आणि गाडी आमच्या गल्लीत वळेपर्यंत त्याचा 'बॅथ' झालेला असतो, कपाचाही 'कुप'. तिला ते कळतसुद्धा नाही. मी गाडी चालवता चालवता दरवर्षी लक्ष देऊन ऐकते. 'र' अजून एकदाही आलेला नाही.