मैत्रिणींची डोंगरसहल : उंची, गरम पाणी आणि घोडे यांबद्दलचे तुमचे प्रश्न

मे महिना लागला की एकाच धाटणीची पत्रं यायला लागतात. पाच-सहा मैत्रिणी, मुलांची सोय झालेली, विमानाची तिकिटं हातात. कोलोरॅडो, वायोमिंग नाहीतर मोंटानातलं एखादं डोंगरातलं गाव, मग रँचवर दोन-तीन रात्री आणि जोडीला गरम पाण्याचे झरे. बेत छान असतो आणि बायकांनी असे बेत जरूर करावेत. पण निघायला आठवडा उरलेला असताना ‘काही औषध जवळ ठेवायचं का?’ असं विचारलं जातं, तेव्हा बदलण्यासारख्या बहुतेक गोष्टी पैसे भरून पक्क्या झालेल्या असतात. म्हणून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देते आहे. ही वाचून आपल्या डॉक्टरांकडे जा, आणि तेही निघण्याच्या निदान महिनाभर आधी.

प्रश्न : सहलीच्या तारखांना नेमकी पाळी येणार आहे. गरम पाण्याच्या कुंडात उतरलं तर चालेल का? (डॅलस)

चालेल. कप किंवा टॅम्पॉन वापरा, बाहेर आल्यावर बदला. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका; त्या घ्यायच्याच असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून.

प्रश्न : झऱ्याच्या पाण्याने चांदीचे दागिने काळे पडतात म्हणे. खरं आहे का? (न्यू जर्सी)

खरं आहे. पाण्यात गंधकाची संयुगं असतात. दागिने खोलीवर ठेवून जा.

प्रश्न : आम्ही सहाजणी सकाळच्या विमानाने डेन्व्हरला उतरून गाडीने थेट ब्रेकनरिजला जाणार आहोत. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलच्या गरम पाण्याच्या टबात वाइन घेऊन बसायचं ठरलं आहे. आमच्यातल्या दोघी मॅरेथॉन धावतात, त्यामुळे उंचीचा त्रास होणार नाही असं वाटतं. बरोबर ना? (ह्यूस्टन)

नाही, बरोबर नाही. या पत्रातल्या तीन गोष्टी एकाच संध्याकाळी एकत्र आल्या आहेत, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. ब्रेकनरिज ९,६०० फुटांवर. म्हणजे सकाळी घरचा चहा पिऊन निघालेली बाई रात्री साडेनऊ हजार फुटांवर झोपणार. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासातून शरीराला मिळणारा प्राणवायूही कमी. शरीर याला सरावतं, पण त्याला दिवस लागतात, तास नव्हे. कोलोरॅडोत ८,००० फुटांच्या वर झोपणाऱ्या पाहुण्यांपैकी साधारण चौघांत एकाला उंचीचा त्रास होतो. तुम्ही सहाजणी आहात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

धावण्याचा आणि याचा काही संबंध नाही. उंचीचा त्रास कुणाला होईल हे तंदुरुस्तीवरून कळत नाही. उलट मॅरेथॉन धावणाऱ्या बायका पहिल्याच दिवशी दमछाक करणारी चढण निवडतात, कारण त्यांना स्वतःच्या शरीराची खात्री असते. मागच्या खेपेला डोंगरात त्रास झाला होता का, एवढा एक प्रश्न मात्र प्रत्येकीने स्वतःला विचारावा. झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि अशा मैत्रिणीने डॉक्टरांना भेटल्याशिवाय निघूच नये.

आता वाइन आणि गरम पाणी. गरम पाण्यात बसल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, घाम जातो. दारू हेच सगळं आणखी वाढवते आणि झोपेतला श्वासही मंदावते. आधीच प्राणवायू कमी, त्यात ही भर. कुंडातून एकदम उठून उभं राहिलं की घेरी येते, आणि पाण्यात घेरी येणं म्हणजे बुडण्याचा धोका. पण मला सगळ्यात जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. उंचीच्या त्रासाची लक्षणं पोहोचल्यापासून दोन ते बारा तासांत दिसू लागतात : डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, थकवा, चक्कर. वाइन उतरल्यावरही हेच होतं. सकाळी डोकं धरून बसलेल्या मैत्रिणीला सगळ्या म्हणतात, ‘काल जरा जास्त झाली’, आणि तिला तशीच गाडीत घालून आणखी उंचावरची खिंड पाहायला नेतात. तिथे दुखणं वाढतं. पहिले दोन दिवस दारू नको, हा आग्रह मी यासाठीच धरते. निदान डोकं दुखलं तर ते कशाने, हे तरी कळेल.

बेत मोडू नका, क्रम बदला. तुम्ही दिवसा कुठून जाता यापेक्षा रात्री कुठे झोपता याला महत्त्व आहे. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर लागतो, पण तिथून गाडी काही मिनिटांत पार होते. पुढे ग्लेनवूड स्प्रिंग्ज पावणेसहा हजार फुटांच्या आसपास आहे. पहिल्या दोन रात्री तिथे काढा. तिथला मोठा तलाव १८८८ पासून चालू आहे, म्हणजे गरम पाण्याची हौसही तिथेच फिटेल. ब्रेकनरिज शेवटी ठेवा. सपाटीवरून येणाऱ्याने पहिल्याच रात्री ९,००० फुटांच्या वर झोपू नये, आणि ९,००० फुटांच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नये. हॉटेल निवडताना गावाची उंची पाहत चला : पगोसा स्प्रिंग्ज सुमारे ७,१००, यूरे ७,८००, टेल्युराइड ८,७५०, लेडव्हिल १०,००० च्या वर. उंचीची फारच धास्ती असेल तर मोंटाना गाठा. बोझमन ५,००० फुटांच्याही खाली आहे.

चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं, न थांबणारा खोकला, यांतलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही. ९११ ला फोन करा आणि खाली उतरा. ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द या बाबतीत जीवघेणे आहेत. आणि तुमच्या सहाजणींत कुणाला हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असेल, सिकलसेल असेल किंवा नुसता त्याचा वाहकपणा असेल, तर तिने या उंचीबद्दल डॉक्टरांशी आजच बोलावं.

प्रश्न : दुकानांत प्राणवायूचे छोटे डबे मिळतात. प्रत्येकीसाठी दोन-दोन घ्यावेत का? आणि भरपूर पाणी प्यायलं की त्रास होत नाही हे खरं का? (ऑर्लँडो)

डबे घेऊ नका. त्यात काही लिटरच वायू असतो. नुसतं बसून राहिलं तरी माणसाला मिनिटाला पाच-सहा लिटर हवा लागते, उंचावर त्याहून जास्त. डबा संपला की काही क्षणांत तुम्ही पुन्हा होत्या तिथेच. वाईट हे, की तेवढ्या वेळात बरं वाटतं आणि खाली उतरण्याचा निर्णय लांबतो. डोंगरातल्या गावांत हे डबे हॉटेलच्या काउंटरवर, पेट्रोल पंपावर, जिथे पाहाल तिथे मांडलेले असतात आणि त्यावर बर्फाच्या शिखराचं चित्र असतं. त्या चित्राचे पैसे देऊ नका.

पाणी तहानेपुरतं आणि थोडं जास्त प्या. हवा कोरडी असते, त्यामुळे शोष पडतो. पण पाण्याने उंचीचा त्रास टळत नाही, आणि मुद्दाम लिटरवर लिटर ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

प्रश्न : मैत्रिणीकडे डायमॉक्सच्या गोळ्या उरल्या आहेत. त्या आम्ही वाटून घेणार आहोत. मला सल्फाची ॲलर्जी आहे. (शार्लट)

वाटून घेऊ नका. तुम्ही तर नाहीच.

उंचीचा त्रास टाळायला ही गोळी चांगली आहे, ती बहुतेक वेळा चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. पण ती सल्फोनामाइड गटातली आहे. सल्फाच्या प्रतिजैविकांची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना तिचा त्रास होत नाही हे खरं, पण तुमची ॲलर्जी नुसत्या पुरळाची होती की श्वास कोंडला होता, हे विचारल्याशिवाय कुणीही हो म्हणू नये. गरोदरपणात, किडनीच्या आजारात, इतर काही औषधांबरोबर ती चालत नाही. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे परिणाम नेहमीचे आहेत. प्रत्येकीने आपापल्या डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न : मी दहा आठवड्यांची गरोदर आहे. मैत्रिणी म्हणतात, नैसर्गिक झरा आहे, त्यात रसायनं नाहीत, थोडा वेळ बसायला हरकत नाही. (सिॲटल)

हरकत आहे. धोका रसायनांचा नाही, उष्णतेचा आहे. पहिल्या तीन महिन्यांत आईच्या शरीराचं तापमान वाढलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो, आणि १०४ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात ते पाहता पाहता वाढतं. झरा आहे की टब, शरीराला फरक पडत नाही. काठावर बसा, पाय सोडा. घोड्यावर बसू नका. उंचीबद्दल तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना गावाचं नाव आणि फूट सांगून विचारा. नुसतं ‘डोंगरात जातेय’ असं सांगू नका.

प्रश्न : यलोस्टोनमध्ये लोकांना फारशा ठाऊक नसलेल्या, फुकट डुंबता येईल अशा गरम पाण्याच्या जागा आहेत असं ऐकलं. तुम्हाला माहीत आहेत का? (शिकागो)

अशा ऐकीव माहितीवर कृपा करून जाऊ नका. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत उतरायला कायद्याने बंदी आहे, आणि बंदीमागचं कारण भयंकर आहे. त्या उंचीवर पाणी ९३ अंश सेल्सियसला उकळतं आणि कित्येक कुंडं त्याच्या जवळपास असतात. काही कुंडांत पाणी आम्लधर्मी असतं. काठाची जमीन पातळ पापुद्र्यासारखी असते, पाय ठेवला की खचते. तिथे भाजून मेलेल्यांची संख्या २० च्या वर आहे. २०१६ मध्ये नॉरिस भागात एक तरुण डुंबण्यासाठी जागा शोधत लाकडी वाट सोडून गेला आणि कुंडात पडून मेला.

पूर्वी लोक बॉइलिंग रिव्हर नावाच्या जागी नदीत बसत, तिथे गरम आणि गार पाणी मिसळत असे. २०२२ च्या जूनमधल्या पुरानंतर ती जागा बंद झाली. जुनी वर्णनं वाचून तिकडे जाऊ नका.

फुकटच हवं असेल तर वायोमिंगमधल्या थर्मोपोलिसला जा. तिथले झरे १८९६ च्या करारात शोशोनी आणि अरापाहो लोकांकडून सरकारकडे आले आणि सरकारी स्नानगृहात आजही पैसे पडत नाहीत. पाणी १०४ अंश फॅरनहाइटवर राखलेलं, आणि वेळ २० मिनिटं. ही वेळेची मर्यादा मला फार आवडते. पैसे मोजून ज्या कुंडात बसाल तिथेही तीच पाळा. बीपीच्या, मधुमेहाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर तेवढंही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : झऱ्यात मेंदू खाणारा अमिबा असतो का? (फिनिक्स)

गरम गोड्या पाण्यात असू शकतो. आजार अत्यंत दुर्मिळ, पण झाला तर वाचणारे विरळाच. तो नाकात पाणी गेल्याने होतो, पोटात गेल्याने नाही. डोकं बुडवू नका, मुलं बरोबर असतील तर त्यांनाही बुडवू देऊ नका.

प्रश्न : रँचवर रोज घोडेस्वारी आहे. आम्ही सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. एकीची पाठ धरते, एकीची हाडं ठिसूळ आहेत, एकीला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. रँचवाले म्हणतात, घोडे अगदी शांत आहेत. (ॲटलांटा)

घोडा शांत आहे याने पडल्यावर हाड मोडायचं थांबत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या बाईंनी घोड्यावर बसू नये. डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यांच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर ते लेखी घ्या. हाडं ठिसूळ असलेल्या बाईंनी अस्थिरोगतज्ज्ञांना अलीकडचा घनतेचा अहवाल दाखवून विचारावं. पाठवाल्या बाईंनी दोन तासांच्या फेरीऐवजी अर्ध्या तासाची मागावी. सलग खोगिरावर बसणं पाठीला जास्त जड जातं.

बुक करायच्या आधी रँचला फोन करा. हेल्मेट देतात का, सवारीला वजनाची मर्यादा किती, जवळचं रुग्णालय किती मैलांवर, मोबाइलला रेंज आहे का, हे विचारा. शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर टाळलं तर दुसरी रँच पाहा. बूट थोड्या टाचेचे हवेत, नाहीतर पाय रिकिबीत आरपार जाऊन अडकतो. ‘सगळं समाविष्ट’ असं लिहिलेलं असलं तरी कर, सेवाशुल्क आणि दारू बरेचदा वेगळी लागते, ते लेखी विचारा. आणि सही करायला जो कागद देतात तो वाचा. त्यात बहुतेक वेळा इजेची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते.

प्रश्न : भारतातून माझ्या नणंदबाई येत आहेत. त्यांना बीपी आहे. विमा काढला आहे, एजंट म्हणाला सगळं कव्हर होतं. (एडिसन)

एजंटचं ‘सगळं’ मान्य करू नका. आधीपासूनच्या आजाराबद्दलचं कलम, घोडेस्वारीसारख्या खेळांचं कलम आणि दुर्गम जागेवरून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च, ही तीन कलमं पॉलिसीच्या मूळ कागदात स्वतः शोधा. नसतील तर निघायच्या आधी पॉलिसी बदला. नणंदबाईंना त्यांच्या तिकडच्या डॉक्टरांकडून गोळ्यांची यादी, मात्रेसह, लिहून आणायला सांगा. उंचावर बीपी काही दिवस वाढू शकतं, म्हणून यंत्र बरोबर असू द्या. किती आकडा आला तर काय करायचं, हे त्या डॉक्टरांनीच आधी ठरवून द्यावं.

प्रश्न : लाकडी केबिनमध्ये उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर? (डेट्रॉइट)

झाडू मारू नका. पश्चिमेकडच्या रानउंदरांमधून हंटा विषाणू पसरतो. त्याचा इथला प्रकार १९९३ मध्ये अमेरिकेच्या याच पश्चिम भागात पहिल्यांदा ओळखला गेला. सुकलेल्या लेंड्यांची धूळ श्वासात गेली की लागण होते. दारं-खिडक्या उघडा, अर्धा तास बाहेर थांबा आणि रँचवाल्यांना खोली बदलून मागा. घरी आल्यावर पुढच्या सहा-आठ आठवड्यांत ताप, अंगदुखी, धाप असं काही झालं तर डॉक्टरांना आपण होऊन केबिनबद्दल सांगा. त्यांना ते सुचणार नाही.

प्रश्न : अस्वलासाठीचा स्प्रे विमानातून नेता येतो का? (सॅन होजे)

नाही. हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही. तिथे पोहोचल्यावर विकत घ्या, आणि कुणाला दमा असेल तर तो कोण हाताळणार हे निघायच्या आधी ठरवा.