गावी जाऊन आजीच्या हातची चव शोधताय? आधी हे वाचा

पहिल्यांदाच कुडाळ-मालवणकडे मूळ गावी चाललायस ना, मग एक सांगतो, आजीचं जे आठवतंय ते हॉटेलच्या मेनूकार्डवर शोधू नको. तिथे थाळी मिळेल, सोलकढी मिळेल, वडे-सागोतीपण झकास मिळेल, पण शिरवाळे (तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड दुधासोबत) बहुतेक नाहीच, कारण ते करायला दोन माणसं आणि दम लागतो. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे, मी गेलो तेव्हा काकी ओरडत होती, "जोर लाव रे, थंड झाले तर पडूचे नाय!" आणि माझे हात लालेलाल. मग नारळाचं दूध, गूळ, वेलची. पहिल्या घासाला गप्पच झालो.

नुसतं "आजी ते पांढरं गोड करायची" असं सांगून काही होत नाही (मी तेच केलं, त्यांनी खीर वाढली), आईला फोन करून पदार्थाचं नाव विचारून घे.

सीझन बघ. ओले काजूगर हवे तर मार्च-एप्रिल, सोलताना हाताला तेल लावायचं नाहीतर चीक भाजतो. खाजं (बेसनाची गूळ लावलेली कुरकुरीत मिठाई) हवं तर दिवाळीनंतरच्या जत्रा.

आणि येताना सुकी तिरफळं (माशांच्या कालवणातला झणझणीत वासाचा मसाला) घेऊन ये, बांगड्याच्या कालवणात किंचित ठेचून टाक, काळी बी मात्र काढून.