गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रॅक्टरची फ्रेम करून घेऊ का?

प्रश्न: आमचा ४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे, वर काहीच नाही. रान चढउताराचं, मागच्या महिन्यात बांधावर वळवताना एक चाक उचललं, तेव्हापासून घरचे बसू देत नाहीत. फॅब्रिकेशनवाला म्हणतो पलटी झाल्यावर ड्रायव्हरला वाचवणारी जाड पाइपची फ्रेम दोन दिवसात देतो, कंपनीपेक्षा मजबूत. करू का?

उत्तर: दादा, नका करू. चाक उचललं तेव्हा वाचलात हे नशीब, आणि घरच्यांची भीती खरी आहे. पण जाड पाइप म्हणजे मजबूत असं नसतं, कारण ही फ्रेम वाकायलाच बनवलेली असते, ती वाकते आणि पलटी होतानाचा मार स्वतःत जिरवते. लोखंड फारच ताठ असलं तर सगळा जोर वेल्डिंगवर आणि अ‍ॅक्सलच्या बोल्टांवर जातो आणि तिथूनच ते तुटतं.

ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेच्या कोड ४ नावाच्या टेस्टमध्ये काय करतात बघा. फ्रेमला हायड्रॉलिकने हळूहळू आधी मागून ढकलतात, मग वरून दाबतात, मग बाजूने ढकलतात, परत वरून दाबतात, आणि हे सगळं एकाच फ्रेमवर, मधे सरळ करायची नाही की दुरुस्त करायची नाही. ट्रॅक्टरचं वजन २००० किलो धरलं तर बाजूने ३५०० ज्यूल ऊर्जा जिरवायला लागते, म्हणजे ५० किलोचं पोतं सात मीटरवरून पडल्यासारखं, आणि वरून दाब साधारण ४ टनांचा, ट्रॅक्टरच्या वजनाच्या दुप्पट. एवढं होऊनही सीटभोवती ड्रायव्हरसाठी आखलेल्या जागेत फ्रेमचा कुठलाही भाग घुसता कामा नये, नाहीतर नापास. तुमच्या वेल्डिंगवाल्याने कितीही मन लावून काम केलं तरी हे तो तपासणार कसा?

स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला अशी फ्रेम सक्तीची केली, तिथे पलटीतले मृत्यू लाख ट्रॅक्टरमागे १७ वरून १९९० पर्यंत ०.३ वर आले. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी ट्रॅक्टर टेस्टिंगची संस्था आहे.

म्हणून डीलरकडे तुमच्याच मॉडेलची टेस्ट पास फ्रेम मागा आणि सोबत सीटबेल्टही घ्या. बसवल्यावर तिला भोक पाडू नका, वेल्ड करू नका, एकदा पलटी झाली की ती फ्रेम भंगारात. फोल्डिंगची असेल आणि बागेत जाताना खाली पाडली तर तेवढ्यापुरता बेल्ट काढा, नाहीतर पलटी झाल्यावर फ्रेमचा आधार नसताना सीटलाच अडकून राहाल, बाहेर आलात की लगेच उभी करून बेल्ट लावा. आणि मडगार्डवर कुणालाच बसवू नका, पोरांना तर नाहीच, टेस्टमध्ये जागा मोजतात ती फक्त ड्रायव्हरच्या सीटची.